ऑल इन्क्लुझिव बेटावर पहिल्यांदा जाताय? खाण्यापिण्याचं आधी एवढं बघून घ्या

मागच्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही मालदीवला जाऊन आलो. मी, बायको, आई-बाबा आणि ऐनवेळी "मी पण येते रे" म्हणालेली आत्या. तेव्हापासून आमच्या इंदूरच्या रामबागेतून, सुदामा नगरातून, अगदी देवासहूनसुद्धा फोन येऊन राहिलेत, की अरे तिथे खायचं काय, पाणी फुकट असतं का, शाकाहारी माणसाचं कसं होतं, आणि हळूच आवाज खाली करून, ते दुसरं पण सगळं फुकट असतं ना? तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. समुद्र निळा आहे, तो तुम्हाला दिसेलच, हे फक्त खाण्यापिण्याचं आहे.

पहिलं काम: फोटो नंतर बघा, आधी प्लॅनचं नाव वाचा

रूम ओन्ली म्हणजे नुसती खोली. बीबी म्हणजे खोली आणि नाश्ता. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दुपारचं तुमचं तुम्ही बघा. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं जेवण, पण पेयं बहुतेक करून वेगळी, आणि पेयं म्हणजे नुसती दारू नाही हो, कित्येक ठिकाणी टेबलावरची पाण्याची बाटली आणि जेवणानंतरची कॉफी सुद्धा त्यातच येते. ऑल इन्क्लुझिव म्हणजे जेवण अधिक पेयं. इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ हा की "ऑल" म्हणजे नेमकं काय काय ते प्रत्येक रिसॉर्ट आपापलं ठरवतं.

आमच्या एजंटने (नाव नाही घेत) फोनवर "सब इन्क्लूड है भिया, टेन्शन मत लो" सांगितलं आणि जे पीडीएफ पाठवलं त्यात तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात फुल बोर्ड प्लस सॉफ्ट ड्रिंक्स. बायकोने पकडलं म्हणून, नाहीतर मी तर पाण्यावरच्या बंगल्याचे फोटो बघण्यात गुंग होतो. मग भांडून प्लॅन बदलून घेतला, वरचे पैसे भरले, पण आधी भरले, हे महत्त्वाचं, कारण तिथे गेल्यावर प्लॅन वाढवणं नेहमीच महाग पडतं.

आता म्हणाल एवढं काय त्यात, नसलं तर बाहेर जाऊन खाऊ. तर बाहेर नावाची गोष्टच नाही! मालदीवमध्ये एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. १९७२ साली पहिलं रिसॉर्ट उघडलं, कुरुंबा नावाचं (कुरुंबा म्हणजे त्यांच्या धिवेही भाषेत शहाळं), तेव्हापासून हीच पद्धत. रात्री अकराला भूक लागली आणि उठून सराफ्यात (आमचा इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) गेलो असं तिथे होत नाही, चारी बाजूंनी पाणी आणि तांदळापासून टोमॅटोपर्यंत बरंचसं बोटीने किंवा विमानाने आलेलं. मासे आणि नारळ तेवढे घरचे. त्यामुळे जे प्लॅनमध्ये नाही ते घ्यायचं झालं की भाव ऐकून आत्या दर वेळी "अगबाई" म्हणायची.

मॉरिशसला जात असाल तर मात्र हिशोब उलटा. तिथे रिसॉर्टच्या गेटबाहेर खरा देश आहे, रस्त्यावर ढोल पुरी मिळते (आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण समजा, आत वाटलेली पिवळी डाळ, वर भाजी आणि चटणी), गातो पिमाँ म्हणून डाळीचे वडे मिळतात, आणि एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या आपल्या मराठी लोकांची वस्ती आजही आहे, शाळेत मराठी शिकवतात. तिथे दिवसभर फिरणार असाल तर हाफ बोर्ड पुष्कळ झालं, ऑल इन्क्लुझिव घेऊन दुपारी जेवायला धावत परत यायचं हा वेडेपणा आहे. मालदीवला मात्र घेतलेलं बरं, निदान पाणी-कॉफीचा हिशोब डोक्यात राहत नाही. पुढचं सगळं मालदीवचंच आहे.

दुसरं: एजंटला व्हॉट्सॅपवर विचारा, फोनवर नाही

लेखी उत्तर पाहिजे. विचारायचं काय, तर कोणकोणती रेस्टॉरंट धरलेली आहेत, कारण बऱ्याच ठिकाणी एक मोठा बफे फुकट आणि बाकीच्या जपानी, इटालियन वगैरेंना नुसतं अमुक डॉलरचं क्रेडिट किंवा सवलत. खोलीतला मिनीबार धरलाय का, आणि धरला असेल तर रोज भरतात की एकदाच. कॉफी मशीनची की पाकिटातली. ताजा ज्यूस की डब्यातला, कारण ताज्याचे वेगळे पैसे हा फार लाडका खेळ आहे. शहाळं? आमच्याकडे नव्हतं, नारळाच्या झाडाखाली बसून नारळाचे पैसे दिले. रूम सर्व्हिस, आइस्क्रीम, लॉबस्टर, आणि तो पाण्यावर तरंगणारा नाश्ता ज्याचे सगळे फोटो टाकतात, तो बहुतेक वेळा एक्स्ट्रा असतो. (आणि पोहता पोहता टोस्ट भिजतो, खाणं कमी आणि सांभाळणं जास्त, मी तर म्हणतो सोडाच.)

पिणारे असाल तर ब्रँडची यादी मागा. साध्या प्लॅनमध्ये "हाऊस" माल असतो, ठराविक बिअर, ठराविक वाइन, ठराविक व्हिस्की. नावाजलेला माल पाहिजे तर प्रीमियम प्लॅन. आणि एका खोलीतल्या सगळ्यांना बहुतेक ठिकाणी एकच प्लॅन घ्यावा लागतो, म्हणजे एकाने घेतला आणि चौघं प्यायले असं चालत नाही. आमच्याकडे आई आणि आत्या थेंबाला शिवत नाहीत तरी त्यांचेही पैसे गेले. आत्या शेवटपर्यंत म्हणत होती माझ्या वाटचं परत मागा.

एक जुनी गंमत. या ऑल इन्क्लुझिव प्रकाराची सुरुवात १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने मायोर्का बेटावर तंबू ठोकून केली, क्लब मेड त्याचं नाव. राहणं-जेवण सगळं एका पैशात, पण पुढे बारमध्ये ड्रिंक घ्यायचं तर गळ्यातल्या माळेचे मणी काढून द्यायचे. म्हणजे वरचं बिल तेव्हापासूनच आहे, तेव्हा मणी द्यायचे, आता खोलीचा नंबर सांगतात.

टॅक्सचं एकदा समजून घ्या, मग विसरा

मेनूवर भावाच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की समजायचं, वर सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स बाकी आहे. सर्व्हिस चार्ज साधारण १० टक्के आणि पर्यटनाचा जीएसटी १ जुलै २०२५ पासून १७ टक्के, तोही सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या आकड्यावर. म्हणजे १० डॉलरचं ड्रिंक जवळजवळ १३ डॉलरला. शिवाय ग्रीन टॅक्स म्हणून रिसॉर्टमध्ये माणशी रोज रात्रीचे १२ डॉलर, २०२५ च्या जानेवारीपासून दुप्पट झालाय, आधी ६ होता. पाच माणसं, चार रात्री, करा हिशोब, २४० डॉलर. तो पॅकेजमध्ये धरलाय की चेकआउटला मागणार, हेही त्याच व्हॉट्सॅपमध्ये विचारा.

घरून काय न्यायचं, काय नाही

आधी काय नाही ते. दारूची बाटली नाही. मुंबईच्या ड्युटी फ्रीमध्ये ऑफर बघून हात शिवशिवतो, पण माले (मालदीवची राजधानी) एअरपोर्टवर सगळ्या बॅगा स्कॅन होतात आणि बाटली काढून ठेवतात, पावती देतात, परत जाताना मिळते. आमच्या पुढच्या काकांच्या दोन गेल्या, त्यांचं तोंड बघवत नव्हतं. डुकराच्या मांसाचं काही नाही. व्हेप (ई-सिगारेट) नाही, त्यावर २०२४ च्या शेवटापासून बंदी आहे. आणि आईलोकांसाठी खास: पूजेच्या मूर्ती न्यायला तिथल्या कस्टम्सची मनाई आहे. आमच्या आईचा बाळकृष्ण कधी घर सोडून राहिला नव्हता, शेवटी शेजारच्या काकूंकडे ठेवला आणि रोज सकाळी "नैवेद्य दाखवला का" म्हणून व्हिडिओ कॉल, तोही रिसॉर्टच्या वायफायवर.

न्यायचं ते थोडंच, कारण सीप्लेनला (मालेहून रिसॉर्टला नेणारं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान) साधारण २० किलोची बॅग आणि ५ किलो हातातलं, वर गेलं की पैसे. खाकरे, एक किलो शेव (पाच जणांना ती दोन दिवसात संपते, हे इंदूरवाल्यांना सांगायला नको), आईसाठी उपवासाचं काही, चहाचा मसाला, आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला). जीरावन विसरू नका. सगळं पॅकबंद पाकिटातलं न्या, घरचा लाडवाचा डबा आम्ही नेला आणि दुसऱ्या सकाळी खोलीत मुंग्यांची वरात. डबा फ्रिजमध्ये ठेवायचा हे मग शिकलो.

खायला काही हातात ठेवा, यासाठी की सीप्लेन फक्त उजेडात उडतात. इंदूरहून माले थेट विमान नाही, मुंबई किंवा बंगळुरूवरून जायचं, आणि तुमचं विमान दुपार टळून उतरलं तर ती रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते. त्या रात्रीचं जेवण तुमच्या ऑल इन्क्लुझिवमध्ये नाही. शिवाय ती लोकवस्तीची बेटं, तिथे हॉटेलात दारू मिळत नाही, ती फक्त रिसॉर्टवर किंवा लायसन्सवाल्या बोटीवर. शक्य तर सकाळी पोचणारं विमान घ्या.

पोचल्यावर: घड्याळ, मग बुकिंग, मग भूक

मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण काही रिसॉर्ट आपली वेळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. मोबाइल एक सांगतो, भिंतीवरचं घड्याळ एक सांगतं, आणि बफे भिंतीवरच्या घड्याळाने बंद होतो. रिसेप्शनला विचारून सगळ्यांची घड्याळं लावा. आम्ही पहिल्या दुपारी पोचलो तर कर्मचारी झाकणं ठेवत होते.

खोली बघायच्या आधी, खरंच, त्याच रिसेप्शनवर बाकीच्या रेस्टॉरंटचं रात्रीचं बुकिंग करून टाका. सूर्यास्ताची टेबलं पहिल्याच दिवशी जातात. आणि शाकाहारी असाल तर तिथेच लिहून द्या, नुसतं "व्हेज" नाही, तर अंडं नाही, मासा नाही, माशाचा सॉस नाही, असं सुटं सुटं सांगा. का ते पुढे येतं.

बफे सराफ्यासारखा खा

सराफ्यात आपण कसं करतो? आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर. मग भुट्ट्याचा कीस दोघांत एक, गराडू (तळलेला कंद) पाच जणांत एक प्लेट, दहीवडा एक, आणि पोट भरायच्या आत जलेबीला जागा. लग्नाच्या पंगतीसारखं पहिल्याच भातावर ताट भरणारा माणूस सराफ्यात नवखा समजला जातो. बफेत हेच करायचं. रिकाम्या हाताने पूर्ण चक्कर मारा, झाकणं उघडून बघा, पाट्या वाचा, मग छोटी प्लेट. चार रात्री आहेत, सगळं एकाच रात्री खायचं काही कारण नाही.

पण आपल्या लोकांच्या डोक्यात "वसूल" बसलेलं असतं. बाबांनी पहिल्या रात्री वसूल केलं, तीन प्रकारचे केक आणि वर थंडगार मँगो काहीतरी, आणि दुसरा दिवस ओआरएस पिऊन खोलीत काढला. ओआरएस आम्ही इथून नेलं होतं म्हणून, तुम्हीही न्या.

भारतीय कोपरा बहुतेक ठिकाणी असतो. शेफमध्ये भारतीय, श्रीलंकन, बांगलादेशी मंडळी बरीच असतात आणि त्यांच्याशी बोललं की काम होतं. आमच्याकडे नाश्त्याला पोहे होते, पण कसले, पांढरट, कोरडे, वर ना शेव ना कांदा. बाबांनी शर्टाच्या खिशातून जीरावनाची पुडी काढली, पोह्यांवर भुरभुरवली, लिंबू पिळलं. काउंटरवरचा केरळचा मुलगा बघत होता, म्हणाला अंकल वो क्या है. बाबांनी चिमूटभर त्याच्या हातावर दिलं. चाखून तो आत गेला, दोन मिनिटांनी मोठ्या शेफला घेऊन आला. दुसऱ्या सकाळी पोहे वाफेवर होते, हळद घातलेले, वर बारीक कांदा आणि कोथिंबीर, आणि आमच्या टेबलावर बशीत डाळिंबाचे दाणे. तेव्हा सांगायचं हे, की मागा. उद्या साधी खिचडी मिळेल का, विदाउट एग डोसा वेगळ्या तव्यावर मिळेल का, असं आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक जण करून देतात. ऐन वेळी रांगेत उभं राहून मागितलं की नाही मिळत.

शाकाहारी लोकांनी हे दोनदा वाचा

तिसऱ्या संध्याकाळी चहाबरोबर तळलेले पदार्थ ठेवले होते, त्याला तिथे हेधिका म्हणतात. त्यात एक बजिया. नाव भजीसारखं, दिसायला हुबेहूब छोटा समोसा. आईने उचलला, अर्धा खाल्ला, आणि थांबली. "यात काय आहे रे, वास कसला येतोय?" आत टूना. पुढचे दोन तास आई कोणाशी बोलली नाही, गुळण्या केल्या, दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना उपवास केला. चूक आमची, पाटी होती, आम्ही वाचली नाही.

सोपी खूण सांगतो. धिवेहीत मस म्हणजे मासा, आपल्या मासा शब्दाचाच भाऊबंद. नावात मस असेल तर आत मासा. मस हुनी म्हणजे टूना आणि खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू. मसरोशी म्हणजे तेच सारण भरलेली पोळी. नुसती रोशी मात्र आपल्या चपातीसारखी, ती खुशाल खा. गुल्हा हे गोल वडे, त्यातही टूना. गरुधिया पातळ स्वच्छ सूप दिसतं, ते टूनाचं पाणी. रिहाकुरू त्याचाच आटवलेला लगदा, चटणी म्हणून ताटात येतो. श्रीलंकन काउंटरवर पोल संबोल असतं, दिसायला आपली ओल्या नारळाची लाल चटणी, पण तिच्यात वाळवलेल्या टूनाचा चुरा घालायची पद्धत आहे. या सगळ्यांच्या पलीकडे थाई भाजीतला फिश सॉस, चायनीज भाजीतला ऑयस्टर सॉस, सीझर सॅलडमधले बारीक मासे, थरथरणाऱ्या पुडिंगमधलं जिलेटिन. हिरवं पान बघून फसू नका, विचारा.

खाणाऱ्यांसाठी मात्र उलट सांगतो, मालदीवला जाऊन पास्ता खात बसू नका. बायको मालवणची आहे, तिने पहिल्या सकाळी मस हुनी आणि गरम रोशी खाल्ली आणि मग रोज तेच. म्हणाली सुक्या बांगड्याची किसमूर आठवते. माझ्या मते अख्ख्या बफेत तेवढा एकच पदार्थ असा होता जो दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि नेमका तोच कोपऱ्यात झाकून ठेवलेला.

पिण्याचं

पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं, बरीच रिसॉर्ट ते काचेच्या बाटल्यांत स्वतःच भरतात. ते प्या. बाहेरची ब्रँडची बाटली मागितली की पैसे लागू शकतात. ऊन वरून आणि वाळूवरून दोन्हीकडून लागतं, त्यात दुपारी बिअर घेऊन पडलात तर संध्याकाळी डोकं धरणार. मी एक ग्लास बिअर, एक ग्लास पाणी असा नेम केला, कंटाळवाणा आहे पण चालला. स्नॉर्केलिंगच्या आधी अजिबात नाही, हे हसण्यावारी नेऊ नका.

कॉकटेल गोड असतात, साखरेचं पाणीच. डायबेटिसवाल्यांनी सिरप कमी सांगा. बाबांना व्हर्जिन मोहितो (बिनदारूची, लिंबू-पुदिन्याची) सापडली आणि ते बारवाल्याला रोज "शुगर नो, नमक येस" सांगून तिची शिकंजी करून घ्यायचे. आपली इंदूरची दुधाची घट्ट शिकंजी नाही हो, ती दुसरी, लिंबाची.

दारूसाठी वयाची अट १८. आणि रिसॉर्टवरची दारू घेऊन जवळच्या गावाच्या बेटावर फिरायला जायचं नाही, पिशवीत कॅन टाकून तर मुळीच नाही. रमजानच्या दिवसांत जाणार असाल तर रिसॉर्टवर खाणंपिणं नेहमीसारखं चालू असतं, पण त्या गावांत दिवसा रस्त्यावर खात फिरू नका. फिरायला जाताना पॅक लंच मिळतं का ते आदल्या रात्री विचारा, आमच्याकडे मिळायचं, आम्हाला कळलं शेवटच्या दिवशी.

बिल आणि निघायचा दिवस

प्रत्येक गोष्टीवर सही घेतात, शून्याचं बिल असलं तरी. वाचून सही करा आणि बाहेरच्या गोष्टींच्या स्लिपा एका पाकिटात ठेवा. निघायच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर बिलाचा प्रिंट मागा. आमच्या बिलात मिनीबारचे दोन चॉकलेट लागले होते जे आम्ही उघडलेच नाहीत, आणि दुसऱ्या खोलीची एक वाइन. आदल्या संध्याकाळी शांतपणे बोललो, दहा मिनिटांत काढलं. बोट सुटायच्या वेळी हे भांडण करता येत नाही. टिप द्यायची तर डॉलरच्या सुट्या नोटा इथूनच न्या, तिथे सुटे मिळायची वाट बघत बसावं लागतं.

ऑल इन्क्लुझिव बहुतेक ठिकाणी चेकआउटच्या वेळेला संपतं, बारा म्हणजे बारा. सीप्लेन तीनला असेल तर मधल्या तीन तासांचं काय, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, काही जण जाईपर्यंत जेवू देतात, काही नाही. आमचं नव्हतं. साडेअकराला पाचही जण बफेत जाऊन जेवलो, बाटल्यांत पाणी भरून घेतलं, आणि जेटीवर बसून उरलेले खाकरे संपवले. माले एअरपोर्टला ते बाटल्यांवाले काका पुन्हा भेटले, पावती बॅगेत टाकून बॅग चेक-इन करून बसले होते.